सहा उजवी, सहा डावी

दहा वाजून गेले तरी लोसा चहाला आली नाही, तेव्हाच स्ट्रुअन गेडीजला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्या मजल्यावर सकाळचा चहा कुणी चुकवत नसे. मागे एकदा भूकंपाचा हादरा बसला होता, तेव्हासुद्धा लोकांनी आधी कप नीट खाली ठेवले आणि मग टेबलाखाली शिरले.

तो कपात दूध ओतत होता तेवढ्यात हिनेवाई आली. हिनेवाई मतेंगा ही प्रयोगशाळेची प्रमुख. स्ट्रुअन तिच्या हाताखाली एकवीस वर्षं काम करत होता. तो तिथला कापणारा. कोंबडीच्या अंड्यातली पाच दिवसांची पिल्लं मेणात बसवायची, मेणाच्या त्या वडीचे केसाहून पातळ काप काढायचे आणि ते काचपट्टीवर चढवायचे, हे त्याचं काम. हिनेवाईने ताटलीतला चीज रोल उचलला, बशीत ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"खा, नाहीतर मला दे," स्ट्रुअन म्हणाला. "किती वेळा उचलशील त्याला?"

"सहा-सहा," ती म्हणाली.

"काय सहा-सहा?"

"लोसाची पिल्लं. काल शेवटचं मोजून झालं. बारांपैकी सहा उजवी, सहा डावी."

स्ट्रुअनने कप खाली ठेवला. सहा-सहा म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाणं उडवलं असतं तरी तेच आलं असतं.

लोसा फाउमुइना ही हिनेवाईची संशोधक विद्यार्थिनी, साडेतीन वर्षं एकाच गोष्टीमागे लागली होती. पिल्लू अंड्यात तयार होत असतं तेव्हा त्याच्या पाठीतून काही पेशी सुटतात आणि सरकत सरकत पोटाच्या दिशेने उतरतात. महाधमनीपाशी पोचल्या की थांबतात. तिथे त्यांना धमनीकडून निरोप मिळतो, आणि त्यांच्या आतली जनुकं एकामागून एक जागी होतात. पहिलं जागं झालं की ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी त्या पेशीची चेतापेशी होते. शाळेच्या पुस्तकात जिला अनुकंपी म्हणतात ती. माणूस दचकला की छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, अंगावर काटा येतो, ते याच चेतापेशींमुळे.

आता जनुक काय, ते अंगातल्या प्रत्येक पेशीत असतं. यकृतात असतं, नखाच्या मुळाशीही असतं. ते कुठे चालू करायचं आणि कुठे गप्प ठेवायचं हे ठरवणारा खटका वेगळा असतो, आणि तो कधीकधी जनुकापासून इतका लांब असतो की कुणाला शंकाही येऊ नये. दिवा स्वयंपाकघरात आणि बटण गोठ्यात, तसं. लोसाचं म्हणणं होतं की तिला असा एक खटका सापडलाय. तो बंद केला तर धमनीपाशी पोचलेल्या पेशी तिथे नुसत्या बसून राहतील, त्यांच्या चेतापेशी होणारच नाहीत.

हे पडताळायची तिची रीत साधी होती. दोन दिवसांच्या अंड्याला खिडकी पाडायची, खटका बंद करणारं औषध पिल्लाच्या पाठीतल्या नळीत सोडायचं आणि दोन बाजूंना दोन तारा धरून विजेचा बारीक झटका द्यायचा. तसं केलं की औषध फक्त उजव्या बाजूच्या पेशींत शिरतं. डावी बाजू कोरी राहते. एकाच पिल्लात प्रश्नही आणि तुलनाही. तीन दिवसांनी काप काढून रंगवले की चेतापेशी निळ्या दिसतात. उजवीकडचा निळा ठिपका नाहीसा झाला तर लोसा खरी.

मे महिन्यातल्या पहिल्या पाच पिल्लांत तो नाहीसा झाला होता. पाचही उजवी. त्या दिवशी लोसा गॅलरीत जाऊन इतक्या मोठ्याने गायली की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी दारं लावून घेतली. नंतरची सात पिल्लं मात्र तिने सावकाश रंगवली, एकेक करून. त्यांतलं एकच उजवं निघालं. सहांत डावीकडचा ठिपका गेला होता, म्हणजे ज्या बाजूला कुणी हातच लावला नव्हता ती बाजू.

"सोमवारी तिच्या संशोधनाच्या समितीची बैठक आहे," हिनेवाई म्हणाली. "सहा-सहा घेऊन गेली तर ते म्हणतील हे सोडा आणि दुसरं काहीतरी धरा. आणि माझ्याकडे नाही म्हणायला कारण नाही."

"साडेतीन वर्षं, हिनेवाई."

"मला मोजता येतं."

स्ट्रुअनने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "हात न लावलेली बाजू का मरेल?"

"तोच तर प्रश्न आहे."

"ती दुसरी सात पिल्लं मेणात कधी बसवली?"

हिनेवाईने चहाकडे पाहिलं. "जूनमध्ये."

"जूनमध्ये कधी?"

 सांगायची गरजही नव्हती. स्ट्रुअनची बायको नोलीन नऊ जूनला गेली होती. स्ट्रुअन पाचव्या दिवशी कामावर हजर झाला. हिनेवाईने त्याला घरी जा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, घरी जाऊन काय करू, तिथे केटलसुद्धा दोन माणसांची आहे. त्या आठवड्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. तो येत होता, यंत्रासमोर बसत होता, अंधार पडला की जात होता. हातांनी काम केलं होतं. तो स्वतः तिथे नव्हता.

"पहिलं डावं कधी निघालं?" त्याने विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"आता ऑक्टोबर चाललाय. आणि तू मला विचारलं नाहीस."

"तू एकवीस वर्षांत एक पिल्लू उलटं बसवलं नाहीस, स्ट्रुअन."

"एकवीस वर्षांत माझी बायको एकदाही मेली नव्हती."

चहाच्या खोलीतल्या दोघांतिघांनी माना खाली घातल्या. स्ट्रुअनचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मानेवर काहीतरी सरसरत होतं, आणि ते दुःख नव्हतं. दुःख कसं असतं हे त्याला आता चांगलं माहीत होतं. हे वेगळं होतं. तो खुर्ची मागे सारून उठला आणि चहा तसाच टाकून चालता झाला.

लोसा तिच्या टेबलाशी बसून काचपट्ट्यांच्या खोक्यांवरची नावं वाचत होती. वाचत कसली, नुसती बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"चहाला का नाही आलीस?"

"भूक नव्हती, अंकल."

"तुला भूक नाही? मागच्या नाताळात अख्खं हॅम संपवलंस तू."

"अर्धं. अर्धं तुम्ही खाल्लंत." ती हसायचा प्रयत्न करून थांबली. "हिनेवाईने सांगितलं ना? जाऊ द्या. तुमची काही चूक नाही."

स्ट्रुअनने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. "मी चूक हा शब्द काढला का?"

"नाही."

"मग तुझ्या तोंडात कसा आला?"

लोसा गोरीमोरी झाली. तिने एक खोकं उघडलं, बंद केलं. "मला नाही विचारायचं ते."

"म्हणजे डोक्यात आलं होतं."

"ऑगस्टपासून येतंय," ती एकदम बोलून गेली. "रोज येतंय! पण मी काय विचारणार? अंकल, बायकोला पुरून आलात त्या आठवड्यात तुम्ही माझी पिल्लं उलटी बसवलीत का, असं? माझ्या आईला कळलं असतं मी असं विचारलं, तर तिने इन्व्हरकार्गिलहून इथवर चालत येऊन माझ्या थोबाडीत मारली असती."

"आणि म्हणून साडेतीन वर्षं पाण्यात घालायला निघालीस?"

"तुम्ही जेवत नव्हतात तेव्हा! कोटाची बटणं चुकीची लावून यायचात. मी तुमच्या शेजारी बसायचे, मला दिसायचं."

स्ट्रुअन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "लोसा, ऐक. पिल्लू मेणात उभं करताना डोक्याची बाजू खाली ठेवायची, म्हणजे आधी डोक्याकडचा काप निघतो. शेपटीची बाजू खाली गेली तर सगळं आरशातल्यासारखं होतं. उजवं डावीकडे दिसतं. ही माझी शिस्त आहे, मीच घालून दिली. पण त्या आठवड्यात मी ती पाळली, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. मला आठवतच नाही."

लोसाच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. ती ताडकन उठली. स्टूल पडलं.

"म्हणजे सहा डावी म्हणजे सहा उजवी! म्हणजे बारांपैकी—"

"नाही," दारातून आवाज आला. हिनेवाई मागोमाग आली होती. हातात अजून तो चीज रोल होता. "अजिबात नाही. खाली बस."

"पण अंकल म्हणाले—"

"अंकल म्हणाले आठवत नाही. उलटी बसवली असं नाही म्हणाले. आपल्या सोयीचं आहे म्हणून ते खरं होत नाही, पोरी. समितीतला पहिला माणूस विचारेल, उलटी झाली असतील तर ती दुसरी सात कशावरून, पहिली पाच कशावरून नाहीत? आणि ते एक उजवं निघालं त्याचं काय? तेवढं बरं सरळ राहिलं?"

लोसाने स्टूल उचललं आणि त्यावर बसली. "औषधाबरोबर सोडलेल्या खुणेमुळे पिल्लं हिरवी चमकत होती," ती म्हणाली. "जिवंत होती तेव्हा. मी स्वतः पाहिलं. उजवी बाजू."

"ती चमक रंगकामाच्या उष्णतेत मरते. आता काचेवर उजवं कुठलं हे फक्त स्ट्रुअनच्या हाताला माहीत."

"आणि हाताला आठवत नाही," स्ट्रुअन म्हणाला.

 बाहेर गॅलरीच्या कठड्यावर एक समुद्रपक्षी कुणाचं तरी पावाचं पाकीट फाडत होता. स्ट्रुअन त्याच्याकडे बघत होता. पक्ष्याने पाकिटातला तुकडा ओढला, मान वर केली आणि गिळला. गळ्यातून घास खाली गेला.

"पोट," स्ट्रुअन म्हणाला.

"काय?"

"पोट कुठे असतं?" तो उठून उभा राहिला. "पक्ष्याचं पोट डावीकडे असतं. पाच दिवसांच्या पिल्लाचंही डावीकडे वळलेलं असतं. ते कुणाच्या शिस्तीवर नाही. पिल्लू स्वतः सांगतं डावं कुठलं ते!"

लोसाने तोंडावर हात ठेवला. "पण फोटोत पोट नाही. मी फोटो धमनीजवळचे काढलेत. बाकी सगळं कापलंय."

"फोटोत नाही. काचेवर आहे. आणि प्रत्येक पिल्लाच्या शेजारच्या काचा थंड खोलीत पडल्यात, न रंगवलेल्या. मेणाच्या एकाच पट्टीतून निघालेले काप, एकाच बाजूने चढवलेले. मी कधी काच टाकतो का?"

"तुम्ही तर तुटलेल्यासुद्धा ठेवता."

"मग!"

हिनेवाईने इतक्या वेळात पहिल्यांदा तो रोल तोंडात घातला आणि चावता चावताच बोलायला लागली. "थांबा, थांबा. करायचं तर नीट करायचं. बारांच्या बारा. पहिली पाचसुद्धा. न्याय सगळ्यांना सारखा. साध्या गुलाबी रंगात रंगवायच्या, त्यात निळं काही दिसणार नाही. स्ट्रुअन, आकड्यांवर चिकटपट्टी लाव आणि वर अक्षरं घाल. कुठलं अक्षर कुठल्या पिल्लाचं ते तुझ्या खिशात. मी बघणार. पोट डाव्या बाजूला दिसलं तर सरळ, उजव्या बाजूला दिसलं तर उलटं. मला कुठली काच कुणाची ते माहीत नसेल, आणि तुम्ही दोघं त्या खोलीत नसाल."

"आम्ही का नाही?" लोसा म्हणाली.

"कारण तुझा चेहरा बघून माझ्या सासूलासुद्धा उत्तर कळेल. आणि तिला मोतीबिंदू आहे."

पुढचा दीड तास स्ट्रुअन धावत होता. धावत होता हे त्याच्या लक्षातही आलं नाही. थंड खोलीपाशी तो साफसफाईच्या बाईला धडकला आणि ती म्हणाली, आग लागली का, तेव्हा कळलं. त्याने बारा काचा काढल्या. मेण विरघळवलं, काचा पाण्यात उतरवल्या, रंगात बुडवल्या, परत धुतल्या. हे काम तो झोपेतही करू शकला असता, पण आज त्याने प्रत्येक काचेवरचा आकडा दोनदा वाचला आणि मोठ्याने उच्चारला. मग पाठ फिरवून अक्षरांच्या चिठ्ठ्या एका चोचीच्या भांड्यात टाकल्या, हलवल्या आणि निघेल त्या क्रमाने एकेक चिकटवली. कागदावर लिहून घेतलं. कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

दुपारी दोनला हिनेवाई बारा काचा घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

लोसा आणि स्ट्रुअन बाहेर व्हरांड्यात जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. 

"अंकल, माझ्या हाताला घाम सुटलाय," लोसा म्हणाली.

"माझ्याही."

"छाती तर अशी उडतेय."

"तुझ्याच त्या पेशी. साडेतीन वर्षं तू त्यांना छळलंस, आता त्या तुला छळतायत."

ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना. शेजारच्या खोलीतल्या एकाने दार उघडून बघितलं आणि परत लावलं. लोसाने डोळे पुसले.

"नाही निघालं तर?" तिने विचारलं. "सगळी सरळच निघाली तर?"

"तर मी पिल्लं नीट बसवली होती आणि तुझा खटका खोटा."

"तुम्हाला काय हवंय?"

स्ट्रुअनने विचार केला. माणसाला आपली चूक निघावी असं वाटणं काही चांगलं लक्षण नव्हतं. एकवीस वर्षं त्याने नाव कमावलं होतं. दुसऱ्या शहरातून लोक त्याच्याकडे काप काढायला शिकायला यायचे, आणि नोलीन त्यांना जेवायला घालायची, म्हणायची, हा माणूस घरी पावसुद्धा सरळ कापत नाही बरं का.

"माझी चूक निघावी," तो म्हणाला. "इतकं मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. निदान इतक्यात तरी."

कडी वाजली. हिनेवाई दारात उभी होती. तिच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. एकवीस वर्षांत तिला पत्त्यांत कुणी हरवलं नव्हतं, ते याच चेहऱ्यामुळे.

"आत या. कुणी मध्ये बोलायचं नाही. स्ट्रुअन, तू आकडा सांग आणि त्याचं अक्षर. मी सरळ की उलटं ते वाचते. लोसा, तू त्या पिल्लाचा ठिपका कुठला गेला ते सांग. क्रमाने, एकपासून."

तिघं टेबलाभोवती उभी राहिली. बसावंसं कुणालाच वाटलं नाही. स्ट्रुअनने खिशाचं बटण काढलं.

"एक. अक्षर के."

"सरळ."

"उजवा," लोसा म्हणाली.

"दोन. बी."

"सरळ."

"उजवा."

तीन, चार, पाच. तिन्ही सरळ, तिन्ही उजवे. पहिली पाच पिल्लं जशी होती तशीच निघाली. आता दुसरी तुकडी. 

"सहा. अक्षर एफ."

हिनेवाईने कागदावर बोट ठेवलं. "उलटं."

 "डावा," लोसा कुजबुजली.

"मोठ्याने."

"डावा!"

"सात. ए."

"उलटं."

"डावा!"

"आठ. एल."

"उलटं."

"डावा! अंकल, डावा!"

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना," हिनेवाई म्हणाली, पण आता तिचाही आवाज चढला होता.

स्ट्रुअनने पुढचा आकडा पाहिला आणि कागद खाली केला. नऊ. दुसऱ्या तुकडीतलं ते एकटं उजवं निघालेलं पिल्लू. त्याच आठवड्यात बसवलेलं, त्याच हातांनी. बाकीच्यांसारखं हेही उलटं असेल तर त्याचा खरा ठिपका डावीकडचा गेला होता, मग बारांत एक खोटं पडणार आणि समितीतला माणूस त्यावरच बोट ठेवणार. कापणाऱ्याच्या सवयीने त्याने हिशोब केला आणि त्याला तो आवडला नाही.

"नऊ," तो म्हणाला. "अक्षर डी."

हिनेवाईने कागद पाहिला. परत पाहिला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"हिनेवाई, आता मी मरेन," लोसा म्हणाली.

"सरळ."

"काय?"

"सरळ आहे. हे बघ. मी इथे दोनदा लिहिलंय, कारण मलाच खरं वाटलं नाही. अक्षरांचा क्रम न पाळता काचा उचलत होते, लागोपाठ चार उलटी निघाली आणि मग ही आली. पोट डावीकडे. ठळक. सरळ!"

"उजवा!" लोसा किंचाळली. "नववा उजवा आहे! सरळ आणि उजवा!"

उरलेली तीन त्यांनी कशी वाचली ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. उलटं, डावा. उलटं, डावा. उलटं, डावा. लोसाने हिनेवाईला उचललं. हिनेवाई छप्पन्न वर्षांची आणि चांगली भरलेली बाई, पण लोसाने तिला उचलून अर्धी फिरवली. हिनेवाई ओरडत होती, काचा, काचा, अगं काचा सांभाळ! स्ट्रुअन टेबलाला धरून उभा होता. त्याला हसू येत होतं.

बारांपैकी बारा. खटका खरा होता. तो बंद केला की धमनीपाशी आलेल्या पेशींना काय व्हायचं ते कळत नव्हतं.

"पण नऊच का?" हिनेवाई खाली उतरल्यावर धापा टाकत म्हणाली. "सहा उलटी बसवलीस आणि एकच सरळ, असं कसं?"

स्ट्रुअन त्याच्या टेबलाशी गेला आणि जूनची वही घेऊन आला. त्या आठवड्याचं पान त्याने तेव्हापासून उघडलं नव्हतं. अक्षर त्याचंच होतं, पण ओळी उताराला लागल्यासारख्या खाली गेल्या होत्या. सहा, सात, आठ. पुढे त्याचं अक्षर नव्हतं. गोल, मोठं, मुलींच्या शाळेतलं अक्षर.

"नऊ, लोसा," त्याने वाचलं.

लोसाने वही ओढून घेतली. "अरे देवा. तुम्ही त्या दिवशी बाहेर गेला होतात. जिन्यात बसला होतात बराच वेळ. मेण घट्ट व्हायला लागलं होतं, म्हणून एक मीच बसवलं. तुम्ही परत आलात आणि पुढची तुम्ही केलीत. मी विसरूनच गेले!"

"डोकं खाली ठेवलंस?"

"तुम्हीच शिकवलंत ना. डोकं खाली, शेपटी वर, नाहीतर स्ट्रुअन तुमच्यावर. पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतंत."

हिनेवाई मटकन खुर्चीत बसली. "साडेतीन वर्षांचं काम," ती म्हणाली, "आणि आपण तिघं ऑगस्टपासून एकमेकांना जपत बसलो. मला प्रश्न पडला होता. हिला पडला होता. कुणी विचारलं नाही. चांगली माणसं प्रयोगशाळेत फार धोक्याची."

"मला विचारलं असतंत तर मी रागावलो असतो," स्ट्रुअन म्हणाला.

"रागावला असतास. आणि मग बघायला गेला असतास."

ते खरं होतं.

"सोमवारी हे सगळं दाखवायचं," हिनेवाई म्हणाली. "सहा-सहा आधी, मग पोटाची यादी, मग ही वही. काही लपवायचं नाही. आणि त्यांना सांगायचं की नवी तुकडी चालू केलीये. या वेळी प्रत्येक पिल्लाच्या डाव्या पंखाचं टोक छाटायचं, मेणात जायच्या आधी. पुन्हा कुणाच्या हातावर भरवसा नको. तुझ्याही नाही, माझ्याही नाही."

"हे एकवीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं," स्ट्रुअन म्हणाला.

"एकवीस वर्षं तू चुकत नव्हतास. आमचं वाटोळं केलंस."

लोसा तोवर दारापाशी जाऊन आईशी फोनवर बोलत होती. सामोआन भाषेत, भरभर, मध्येमध्ये अंकल आणि डावा-उजवा. पलीकडून आईचा आवाज इतका मोठा येत होता की फोनची गरज नव्हती.

स्ट्रुअनने जूनचं पान समोर धरलं. चूक सापडली की ती त्याच पानावर लिहायची, तारीख घालायची, सही करायची आणि कारण द्यायचं, हा त्या प्रयोगशाळेचा नियम होता. खाडाखोड करायची नाही. त्याने पेन काढलं. सहा, सात, आठ, दहा, अकरा, बारा, शेपटी खाली बसवली, असं लिहिलं. पोटाच्या बाजूवरून आज सिद्ध झालं, असं लिहिलं. मग कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

लोसा फोन ठेवून त्याच्या खांद्यावरून बघत होती. "कारण नका लिहू, अंकल," ती हळूच म्हणाली. "नुसतं चूक म्हणा. समितीच्या लोकांना कशाला हवंय ते."

"नियम आहे."

"नियम आम्ही मोडू. एवढ्यापुरता."

"आत्ताच तर ऐकलंस ना, जपत बसायचं नाही म्हणून?"

त्याने लिहिलं: पत्नी नोलीन हिचा ९ जून रोजी मृत्यू झाला. कामावर लक्ष नव्हतं. खाली सही केली. चार महिन्यांत दाखले, फॉर्म, बँकेची पत्रं, सगळीकडे ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याने फक्त सही केली होती. हे वाक्य आज पहिल्यांदा त्याच्या हातचं होतं. त्याने ते एकदा वाचून पाहिलं. अक्षर सरळ आलं होतं.

"शाई वाळू दे," तो म्हणाला आणि वही उघडीच ठेवली. "लोसा, अंडी किती आहेत?"

"दोन डझन. सकाळीच आलीत. मला वाटलं होतं परत पाठवावी लागतील."

"परत कसली पाठवतेस! उबवणीला लाव आत्ताच, म्हणजे शनिवारी दुपारी खिडकी पाडता येईल. सोमवारी समितीला सांगता येईल, पिल्लं चमकतायत म्हणून."

"शनिवारी तुम्ही येणार?"

"तर काय एकटी करणार आहेस चोवीस अंडी?"

"पण छाटायचं कुणी? पंखाचं टोक?"

"तू छाट, मी बघतो. मग मी बसवतो, तू बघ. आणि मी चुकलो की तिथल्या तिथे ओरड. आईला सांगायची वाट बघू नकोस."

लोसाने अंड्यांचे दोन्ही पुठ्ठे छातीशी धरले आणि ती जवळजवळ पळतच उबवणीच्या खोलीकडे निघाली. तिच्यामागून स्ट्रुअन ओरडत गेला, हळू, अगं हळू, एक फुटलं तर तेवीस होतील!